पांढऱ्या पायाचा प्रेक्षक

डनमोर, कॅन्सस
रविवार, दि. १९ सप्टेंबर १९९३

ती. इर्माताईस,
मर्लचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या अ‍ॅरिझोनात अजून पंखा लावून झोपावं लागतं हे वाचून लुसीलला तुझी दया आली. इथे सकाळी स्वेटर घालावा लागतो आणि ज्वारी कापणीला आली आहे. आम्ही दोघं बरे आहोत.

आता खरी बातमी. आपले बगळे जिंकले. हसू नकोस. कॉलेजच्या फुटबॉल टीमला बगळ्याचं नाव कुणी दिलं देव जाणे, पण एकतीस वर्षं ते नावाप्रमाणे एका पायावर उभे राहून मार खात आले, हे तुलाही ठाऊक आहे. या वर्षी तीनपैकी दोन मॅच जिंकले आहेत. काल जिंकल्यावर कॉलेजच्या चॅपलची घंटा वाजवायला पोरं वर गेली तर दोर कुजलेला निघाला. शेवटी एकाने हातोडीने घंटा बडवली.

हे सगळं नव्या कोचचं, रेडमनचं काम. चार वर्षांपूर्वी पहिल्या हिवाळ्यात तो गावात दारोदार फिरला होता. आमच्याकडे येऊन लुसीलने भाजलेल्या सफरचंदाच्या पायचे दोन तुकडे संपवले आणि मला विचारलं, की टीमकडून तुमची काय अपेक्षा आहे? मी सांगितलं, जिंकणं राहू द्या, मध्यंतरात घरी जावंसं वाटणार नाही एवढं बघा. तो हसला नाही, वहीही काढली नाही, नुसता मान हलवून गेला. आता बघ, मध्यंतरात कुणी उठत नाही.

एक गोष्ट मात्र मला खाते आहे. पहिली मॅच मी चुकवली, कारण आदल्या दिवशी दाढ काढली होती. ते जिंकले. दुसरीला गेलो, हरले. तिसरीच्या दिवशी शेजारच्यांचा पंप बिघडला म्हणून तिकडे अडकलो, तर जिंकले. मग मी मागचा हिशेब मांडत बसलो. गेल्या वर्षीच्या तीन विजयांपैकी एकाला मी फ्लूने पडलो होतो, एकाला लुसीलच्या चुलत बहिणीच्या अंत्यविधीला गेलो होतो, आणि तिसऱ्याचा निकाल लागला तेव्हा मी गरम चिलीची वाटी घ्यायला स्टँडच्या मागे रांगेत उभा होतो. ताई, मी कधी हे बोललो नव्हतो, पण पांढऱ्या पायाचा मीच आहे. पुढच्या शनिवारी मी जाणार नाही. लुसील जाईल.

कळावे. बगळ्यांवर नसला तरी माझ्यावर लोभ असू दे.

तुझा,
मर्ल

•

टूसॉन, अ‍ॅरिझोना
दि. ३० सप्टेंबर १९९३

चि. मर्ल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसायला आणि एकदा खात्री करून घ्यायला, की हे लिहिणारा माणूस सदुसष्ट वर्षांचाच आहे ना.

अरे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच. मैदानावर बैलाच्या वजनाची बावीस पोरं एकमेकांना धडका देतात, आणि तुला वाटतं निकाल लागतो तो तू बाकावर बूड टेकलंस म्हणून? याला मी भोळेपणा म्हणणार नाही. याला गर्व म्हणतात. बाबांनाही वाटायचं की ते छत्री घेऊन निघाले म्हणजे पाऊस पडत नाही. त्यांच्याकडून घ्यायला दुसरं काही चांगलं नव्हतं का?

मी या खेळाला कंटाळूनच गाव सोडलं असं तू लोकांना सांगतोस. खरं म्हणजे मी हरण्याला कंटाळले होते. दर शनिवारी संध्याकाळी अख्खं गाव सुतक असल्यासारखं जेवायचं. तू मात्र कंटाळला नाहीस. आता सुग्रास ताट वाढून आलं तर तूच पाटावरून उठतोस?

दुसरं असं, की तुझं अक्षर फार बिघडलं आहे. ओळी उताराला लागल्यासारख्या खाली घसरतात आणि दोन ठिकाणी ओळीवर ओळ चढली आहे. गाडीत बसून लिहितोस का? दाढ कशी आहे?

लुसीलला प्रेम. तिला म्हणावं, नवऱ्याला हाताला धरून ने.

उलट टपाली उत्तर दे. राग आला असला तरी दे.

तुझी,
इर्मा

•

डनमोर
रविवार, दि. १७ ऑक्टोबर १९९३

ती. इर्माताईस,
सा. न. वि. वि.

राग आला नाही. कावळ्याची म्हण मलाही येते. पण ताई, एकच कावळा एकतीस वर्षं बसतो आणि एकतीस वर्षं फांदी तुटते, तेव्हा झाडाने कुणाकडे बघायचं?

मी गेलो नाही, आणि ते चारही मॅच जिंकले. गावात सगळं बदललं आहे. तिकिटाला रांग लागते. पूर्वी आमच्या स्टँडमध्ये खाट टाकून झोपता आलं असतं, आता बाहेरगावची माणसं सकाळी आठला येऊन गाड्यांच्या मागे शेगड्या पेटवतात, आणि ज्यांनी जन्मात बगळे पाहिले नाहीत ते निळ्या टोप्या घालून मला टीमची माहिती सांगतात. पाद्रीबाबांनी शनिवारी ठेवलेलं लग्न शुक्रवारी लावलं. फ्रीसेनांचा टोबी आठवतो का? नसेल, तू गेलीस तेव्हा त्याचा बापच लहान होता. तो आता टीमसाठी लाथेने चेंडू मारतो, दोन खांबांच्या मधून, लांब लांबून. एकही चुकला नाही म्हणे. मला लुसील सांगते.

शनिवारी मी काय करतो ते विचारलं नाहीस, पण सांगतो. पहिल्यांदा घरी बसून रेडिओ लावला. पाचव्या मिनिटाला आपल्या पोराच्या हातून चेंडू निसटला. रेडिओ बंद केला. मग पन्हळी साफ केल्या. मग गॅरेज झाडलं, ते आधीच झाडलेलं होतं. शेवटी गाडी काढली आणि खडीच्या रस्त्यांनी हिंडलो, लोकांची कापणी बघत. काल ओढ्याच्या पुलाजवळ थांबलो होतो. तिथून मैदानाचा आवाज येतो, शब्द नाही, नुसता गलका. तो गलका आनंदाचा की घाबरल्याचा ते कळत नाही, म्हणून मी पुलावर फेऱ्या मारत राहिलो. नव्या दोराची घंटा वाजली तेव्हा खाली बसलो. आयुष्यात इतका दमलो नव्हतो.

अक्षराचं म्हणशील तर पेन नवं आहे, जाड शाईचं. दाढेची आठवण काढू नकोस.

माझ्यावर हसायचं तर हस, पण पत्र लिहीत जा.

तुझा,
मर्ल

•

डनमोर
सोमवार, दि. २५ ऑक्टोबर १९९३

ती. इर्मावन्सं यांस,
लुसीलचा कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुम्ही मागे विचारलंत दाढ कशी आहे. ह्यांची कुठलीही दाढ काढलेली नाही. आम्ही विचिटाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. औषध घालून डोळे इतके दुखवले होते की दुसऱ्या दिवशी अंधार करून झोपावं लागलं. ती पहिली मॅच अशी चुकली.

आजार असा आहे की नजरेचा मधला भाग जातो आणि कडेचा राहतो. माझ्याकडे बघायचं तर ह्यांना आता तोंड थोडं बाजूला वळवावं लागतं, कोंबडीसारखं. सरळ बघितलं तर माझ्या चेहऱ्याच्या जागी डाग दिसतो. डॉक्टरांनी उपाय नाही असं स्पष्ट सांगितलं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत माणूस हालचालीवरून ओळखता येईल, पण स्टँडमधून मैदान दिसणार नाही. ह्यांनी तुम्हाला कळवू नका म्हणून मला शपथ घातली. मी घेतली नाही, नुसती गप्प बसले.

वन्सं, मला डोळ्यांचं जितकं वाईट वाटतं तितकंच शनिवारचं वाटतं. हे एकतीस वर्षं त्या बाकावर पावसात बसले, बर्फात बसले. आमच्या लग्नाच्या वाढदिवशी बसले. आता हे शेवटचं वर्ष, आणि नेमकं जिंकण्याचं वर्ष, तर माझ्या शेजारी ह्यांची उशी ठेवलेली असते आणि हे कुठेतरी पुलावर फेऱ्या मारतात. घरी आले की मला बसवून सगळं विचारतात. कुणी कुठून चेंडू टाकला, कुणी धरला, ऊन कुठल्या बाजूला होतं. मला इतकं लक्षात राहत नाही. परवा मी चुकून दोन पोरांची नावं उलटसुलट केली तर हे मुळीच रागावले नाहीत. म्हणाले, चालेल, परत पहिल्यापासून सांग. मला स्वयंपाकघरात जाऊन रडू आलं.

आमच्या रांगेतल्या ड्वेनचं आणखी वेगळंच. ह्यांचा बालमित्र, पण मला विचारतो, मर्ल येणार नाही ना? आणि नाही म्हटलं की त्याला बरं वाटतं. त्याच्या तोंडावर दिसतं.

शेवटची मॅच वीस नोव्हेंबरला, घरच्या मैदानावर, ऑर्डवे स्टेटच्या टीमशी. जिंकलो तर विभागाचं अजिंक्यपद, जे या कॉलेजला कधी मिळालेलं नाही. टीव्हीवरही दाखवणार आहेत, तुमच्याकडेसुद्धा दिसेल. त्या दिवशी तरी ह्यांनी यावं. माझं ऐकत नाहीत. थोरल्या बहिणीचं ऐकतील.

लोभ आहेच, तो कामी यावा ही विनंती.

आपली,
लुसील

•

टूसॉन
दि. १ नोव्हेंबर १९९३

चि. मर्ल यास,
आशीर्वाद.

मला सगळं कळलं आहे. लुसीलला बोलू नकोस. तिने सांगितलं नसतं तर तुझ्या ओळींनीच सांगितलं असतं.

तू मला खोटं सांगितलंस याचा राग नंतर करीन. आत्ता जीव घाबरला आहे, आणि घाबरले की मी कडक बोलते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

मर्ल, तू वीस तारखेला जायचं आहेस. डोळे आहेत तोवर डोळ्यांना द्यायचं असतं. तुझ्या मनात काय आहे ते मला पुरतं ठाऊक आहे. तुला वाटतं, आपण बाहेर राहिलो तर निदान गावाला मिळेल, टोबीला मिळेल, रेडमनला मिळेल. फार मोठं मन आहे तुझं. पण कुणी मागितलं का तुझ्याकडे हे? त्या पोरांना विचार, की आमचा एक म्हातारा तुमच्यासाठी पुलावर बसतो, चालेल का? ते तुला खांद्यावर घेऊन आत नेतील.

आणि समज, तू गेलास आणि हरले. मग काय? एकतीस वर्षं हरलेलं बघितलंस, मेलास का? पण न बघता जिंकले, आणि पुढच्या वर्षी तुला बघताच आलं नाही, तर ते तुला सोसेल का? मला सोसणार नाही. मी इथे टीव्हीसमोर बसेन आणि ओरडेन, मी, जी तुमच्या खेळाचे नियम विसरून तीस वर्षं झाली.

हो म्हणून एक ओळ पाठव. वाकडी असली तरी वाचीन.

तुझी काळजीत पडलेली,
इर्माताई

•

डनमोर
शुक्रवार, दि. १२ नोव्हेंबर १९९३

ती. ताईस,
सा. न.

हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. चार वेळा पत्र लिहायला घेतलं.

आता गावात कुणी दुसरं बोलतच नाही. न्हाव्याने खुर्चीवर निळा कपडा घातला आहे. टीव्हीवाल्यांचा ट्रक येऊन मैदान बघून गेला. काल धान्याच्या कोठारापाशी ड्वेन भेटला. मी सहज म्हटलं की वीस तारखेला यावं म्हणतो. तो बुटाने खडी उकरायला लागला. मग म्हणाला की तुझी जागा आहे, तुला कोण अडवणार. ताई, मी ड्वेनला साठ वर्षं ओळखतो. त्याला माझ्या डोळ्यांचं माहीत नाही. सांगितलं असतं तर त्याने स्वतः नेऊन बसवलं असतं. म्हणूनच सांगितलं नाही. दयेने मिळालेल्या जागेवर बसून पोरांना हरवायचं, हे मला जमणार नाही.

आणि तू म्हणतेस तो गर्व, तो असेलही. पण एवढी वर्षं मी तिथे बसत होतो ते माझ्या बसण्याने काहीतरी होतं म्हणूनच ना? काहीच होत नसेल, तर मी एकतीस वर्षं काय करत होतो? वाईट का होईना, पण माझं काहीतरी होतं असं मानलं तर बरं वाटतं. हे कुणाला सांगू नकोस.

झोप लागत नाही. उठून घरात हिंडतो. लुसील म्हणते गालिचा झिजेल.

बघू. तुझ्या पत्राने मन हललं आहे, एवढं खरं.

तुझा,
मर्ल

•

टूसॉन
शनिवार, दि. २० नोव्हेंबर १९९३, संध्याकाळ

चि. मर्ल यास,

मॅच आत्ताच संपली. बघितली, सगळी बघितली. ओरडून घसा बसला आहे, शेजारीण दार वाजवून चौकशी करून गेली. निकाल मला माहीत आहे, तो तू सांगू नकोस. फोन करणार होते पण आवाजच फुटत नाही, आणि तू फोनवर कधी खरं बोलत नाहीस.

कॅमेरा तीन वेळा तुमच्या बाजूला वळला. मी पडद्याला नाक लावून शोधलं. सगळेच निळे. मला फक्त एवढंच कळव, तू आत होतास का? आणि शेवटपर्यंत बसलास का?

मी पाठवलं म्हणून गेलास आणि हे असं झालं, तर शिव्या मला घाल. स्वतःला घालू नकोस. माझे पाय तुझ्यापेक्षा पांढरे आहेत.

वाट बघते.

इर्मा

•

डनमोर
मंगळवार, दि. २३ नोव्हेंबर १९९३

ती. इर्माताईस,
मर्लचा सा. न. वि. वि.

होतो. शेवटपर्यंत बसलो.

सकाळी मी जाणार नव्हतो. पन्हळीला शिडी लावली होती. लुसीलने माझा कोट आणला, थर्मास भरला, आणि गाडीत जाऊन बसली. इंजिन चालू करून बसली होती. शेवटी पेट्रोल जातंय म्हणून मी गेलो.

आपली जागा खांबांच्या मागच्या बाजूला आहे, तुला आठवत असेल, स्वस्तातली. पूर्वी तिथे कबुतरं आणि आम्ही असायचो. शनिवारी हलायला जागा नव्हती. मान वाकडी करून बसलो तर बरंच दिसत होतं. निळा रंग हलतो कुठे, पांढरा कुठे, ते समजत होतं. ताई, किती छान खेळतात आता ती पोरं. लुसीलने सांगून सांगून मला जे समजलं नव्हतं ते पाच मिनिटांत कळलं. ती घाबरत नाहीत. पूर्वी आपली पोरं चेंडू हातात आला की कुणी रागावेल अशी बघायची.

तिसऱ्या सत्रात आपण मागे पडलो. रांगेतली माणसं एकेक करून वळून माझ्याकडे बघायला लागली, कडेने मला ते दिसत होतं. मग ड्वेन म्हणाला, की मर्ल, जरा कॉफी आणतोस का? थर्मास त्याच्या पायाशीच होता. तो हसत म्हणाला, पण आवाजात हसू नव्हतं. मी उठलो. खरंच निघालो होतो, बाकावरून पाय पलीकडे टाकला होता. तेव्हा लुसीलने कोट धरला. चाळीस वर्षांत ती चारचौघांत माझ्यावर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. म्हणाली, "बसा खाली. यांना पुढच्या वर्षी दिसणार नाही, ड्वेन. हरायचं तर बघून हरू."

बसलो. ड्वेनने थर्मास उघडून कॉफी ओतली आणि माझ्या हातात कप दिला. पुढे मॅचभर तो माझ्या कानाशी बोलत होता, कोण कुठे आहे ते सांगत.

रविवारी तो चिलीचं पातेलं घेऊन घरी आला आणि शपथेवर म्हणाला की दोष त्याचा, त्याने जुनी टोपी सोडून नवी घातली होती. तो गेला नाही तोच पाद्रीबाबा आले. त्यांनी शेवटच्या मिनिटाला प्रार्थना करायच्या ऐवजी डोळे उघडे ठेवून खेळ बघितला म्हणे, म्हणून चूक त्यांची. काल न्हावीही तेच सांगत होता, त्याची काहीतरी मोज्यांची भानगड होती. आणि आज तुझं पत्र आलं, तुझे पाय. अपशकुनाला अचानक इतकी मागणी आली की माझ्या वाट्याला काही उरलंच नाही. पूर्वी हे सगळे कुठे होते?

हरल्याचं दुःख आहे. जेवण जात नाही. टोबी फ्रीसेन काल रस्त्यात दिसला, म्हणजे चालण्यावरून ओळखला. त्याला सगळे टाळत होते. मी थांबवलं आणि त्याचा हात बराच वेळ हातात धरला.

त्याला सांगायचं होतं ते तुला सांगतो. शेवटचे चार सेकंद होते, आपण दोन गुणांनी मागे, आणि टोबी लाथ मारायला उभा. खांबांमधून गेला की तीन गुण, सगळं त्या एका चेंडूवर. तो मारला ते मला आवाजावरून कळलं, कारण चेंडू थेट आमच्या दिशेला निघाला, बरोबर समोर, आणि समोर मला डाग आहे. लोक उठले, ओरडायला लागले, ड्वेनने माझी बाही धरली, आणि मला चेंडू कुठेच दिसेना. मी मान वळवायलाही विसरलो. मग तो वाऱ्याने आमच्या उजव्या हाताला सरकायला लागला, आणि डागाच्या बाहेर आला. राखाडी आभाळात फिरणारा तपकिरी चेंडू, इतका स्पष्ट मी वर्षभरात काही पाहिलं नव्हतं. खांबाच्या बाहेरून जाईपर्यंत मी त्याच्यावरची नजर काढली नाही. लोक अजून आनंदाने ओरडत होते, आणि आपण हरलो हे त्या सबंध स्टँडमध्ये सगळ्यांत आधी मला कळलं.

ताई, तो सरळ गेला असता तर मला दिसलाच नसता.

पत्र मोठं झालं, ओळी कुठे गेल्या असतील त्या तू शोधून घे. लोभ आहे तो तसाच असू दे.

तुझा,
मर्ल